टेंपरवारी

आमच्या घरात इंग्रजी शिकलेला मी पहिला माणूस. घर नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. तिथं इंग्रजीचा उपयोग काय? तरी वडिलांनी शिकवलं. पण जो इंग्रजी शब्द जन्मभर माझ्या मागे लागला तो मास्तरांनी कधी शिकवला नव्हता. तो नोकरीनं शिकवला. धानोऱ्याच्या बाजूला जंगल खात्यात मी मुन्शी म्हणून लागलो. मुन्शीच्या आधी एक शब्द होता, टेम्पररी.

हुकमाचा कागद वाचला तेव्हा मला तो शब्द चार-सहा महिन्यांचा वाटला. तिथं गेल्यावर कळलं की त्या मुलखात टेम्पररीलाही मुळं फुटतात. एक म्हातारा चपराशी होता, केस पांढरे झालेला, तोही टेम्पररीच होता. त्याला विचारलं, किती वर्षं झाली? तो म्हणाला, "बाबू, मी लागलो तवा साहेब गोरा होता."

हळूहळू दिसायला लागलं की सगळंच टेम्पररी आहे. गावाबाहेरच्या नाल्यावरचा पूल टेम्पररी. आडजात, म्हणजे साग सोडून इतर, लाकडं आडवी टाकायची, त्यावर बांबूचे ताटवे, त्यावर माती-मुरूम. दरवर्षी दिवाळीनंतर हा पूल बांधायचा आणि जेठात उकलून लाकडं उंचावर रचून ठेवायची, म्हणजे पुढल्या साली तीच कामाला येतात. पूल आहे तोवर मोटार यायची, म्हणून मोटार टेम्पररी. मास्तरची शाळा मांडवात भरायची, म्हणून शाळा टेम्पररी. धानोऱ्याचा कंपाउंडर पुडी बांधून द्यायचा आणि म्हणायचा, "टेम्पररी आराम पडेल." त्यात एक प्रामाणिकपणा होता, असं आता वाटतं. साहेब लोक तो शब्द वेगळ्या तऱ्हेनं वापरत. ते बोट दाखवून म्हणत, "दॅट इज टेम्पररी," आणि मग ते झोपडं असो, कुंपण असो की कुणाची बैल बांधायची जागा असो, ते काढून टाकायचं, एवढंच आम्ही समजायचं. शब्द एकच. पुलाला लावला की पुढच्या साली परत बांधायचा, आणि झोपड्याला लावला की परत बांधायचं नाही.

जंगलातल्या लोकांच्या तोंडी तो टेंपरवारी झाला होता. त्यांना त्या शब्दाचं भय नव्हतं. त्यांचं निम्मं आयुष्य असंच चालायचं. पीक राखायला माळा बांधायचा, पीक निघालं की सोडून द्यायचा. त्यात कमीपणा कसला?

मी जिथं राहत होतो ते वनग्राम होतं, म्हणजे खात्यानं जंगलात वसवलेलं गाव. गोंडांची घरं, खात्यानं दिलेल्या बांध्या, आणि त्याच्या बदल्यात कूप, म्हणजे तोडीला नेमलेला जंगलाचा तुकडा, तोडायच्या, वणवा अडवायच्या जाळरेषा साफ करायच्या कामाला हजर राहणं. मुन्शीला तिथं क्वार्टर नव्हतं. एका बुढ्यानं मला आपल्या घराची छपरी दिली. मध्ये बांबूचा तट्टा. तट्ट्याच्या पलीकडे बुढा आणि त्याची लेक. बायको वारलेली. आणि गोठ्याच्या बाजूला निजणारा एक जवान पोरगा, माझ्याच वयाचा. तो त्यांचा लमसेना होता.

लमसेना म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात बुढ्यानं समजावून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, म्हणूनच हे आधी लिहून टाकतो. गोंडांमध्ये लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं. ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो मुलीच्या घरी येऊन राबतो. नांगरतो, लाकडं आणतो, मोहफुलं वेचतो, सासऱ्याच्या वाट्याचं कूपाचं काम करतो. किती पावसाळे, ते सासऱ्याच्या समाधानावर. ते भरले की लग्न लागतं. तो गडी नसतो, नोकर तर नसतोच. बुढा म्हणाला होता, "बाबू, पोरगा आपल्या पोटचा राहाते तं एखांद्या वक्ती कामाले नाई म्हणन. हा म्हनत नाई. याले मी पोरापरीस वरता मानतो."

तो खरोखरच तसा होता. बुढ्याच्या बांधीच्या पलीकडे पडीक पट्टा होता. नाकेदाराच्या, म्हणजे खात्याच्या जंगल-रखवालदाराच्या, तोंडी परवानगीनं त्यानं तो साफ केला, खुटं उपटली, चारी बाजूंनी मातीची पार घातली आणि पाणी थांबेल अशी बांधी केली. लग्न झालं की तिथं त्याचं घर व्हायचं होतं. खातंही त्या सुमारास नव्या संसारांना जमिनीचे पट्टे देणार, असं बोलणं होतं. त्यानं घराची जागा मला दाखवली होती. मोहाच्या झाडाच्या दक्षिणेला, कारण पोरीला अंगणात झाड पाहिजे होतं.

आता पुलाचं सांगतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर पूल बांधायचं काम चाललं होतं. मी काठावर उभा राहून हाका मारत होतो. लमसेना लाकडाखाली खांदा देऊन होता. मधेच लाकूड ठेवून म्हणाला,

"मुन्शीबाबू, तुमी सकाळपासून टेंपरवारी टेंपरवारी करून राह्यले. हे हाय तरी का?"

मी म्हणालो, "जे आज आहे आणि उद्या काढून टाकायचं आहे, ते टेम्पररी."

"म्हंजे माळा."

"हो."

"अन् हा पूल."

"हा पण."

तो पाण्यात उभा राहून विचार करत राहिला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "अन् तुमी?"

खालची सगळी माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. तेवढ्यात बुढ्याची लेक आंबिलीचा गडवा घेऊन येत होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण गडवा खाली न ठेवताच ती म्हणाली, "मंग यायले बी जेठात उकलून उंचावर रचून ठेवा लागन!"

नाल्यात जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ती माणसं एकमेकांना याहून तिखट बोलायची आणि एकाच भांड्यातून आंबील प्यायची. मलाही तिनं ओंजळीत आंबील ओतून दिली. मी प्यालो. पण मी नागभीडहून घरदार सोडून, मलेरियानं थरथरत, एका शब्दाखाली दबून तिथं राहत होतो, आणि तो शब्द त्यांनी माझ्या अंगावर चिकटवून हसण्यावारी नेला होता. त्यातही ती हसली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही होतं का? एवढंच लिहितो की ती हसली नसती तर मी विसरलो असतो.

शिमग्याच्या आधी मोठे साहेब दौऱ्यावर आले. परमुलखातले, मराठी नव्हती, घाईत होते, उन्हानं वैतागलेले. रेंजर, नाकेदार, मी आणि मागे गाव, असे आम्ही बांध्यांतून चाललो होतो. साहेब त्या नव्या बांधीपाशी थांबले. लमसेना पलीकडल्या पारीवर माती टाकत होता. कुदळ ठेवून त्यानं तिथूनच जोहार केला.

साहेबांनी विचारलं, हा कोण? बुढा पुढे आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "लमसेना जी, आमचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारे रेंजर आणि मी, आणि रेंजर मागे बूट झाडत होते.

होणारा जावई आहे, एवढंच सांगायचं होतं. इंग्रजीत ते मला येत होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी थकलो होतो, रिवाज समजावत बसायचा कंटाळा आला होता, साहेबांना सावली हवी होती. ऊन होतं हे खरं आहे. बाकी खरं नाही. मला नाला आठवला. मी म्हणालो, "टेम्पररी, सर. कामाला ठेवलेला माणूस आहे. इथला नाही."

साहेबांनी मान हलवली. चालता चालता रेंजरला इंग्रजीत सांगितलं की बाहेरची माणसं वनग्रामात राहता कामा नयेत, पेरणीच्या आत काढा, आणि हा तुकडा चांगला दिसतो, गावातल्या कुणाला द्या. बुढ्याला काही कळलं नाही. साहेबांनी मान हलवली म्हणून तो खूश होता. लमसेन्यालाही कळलं नाही. त्यानं परत जोहार केला आणि कुदळ उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाकबंगल्यावर गेलो. सांगायलाच गेलो होतो. वाटेत वाक्य घोकत गेलो. साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. मला बघून आरशातूनच म्हणाले की तुझं काम ठीक आहे, पक्क्या जागेसाठी तुझं नाव पाठवायला सांगतो. माझ्या तोंडातून "थँक्यू, सर" निघालं. मग ते तोंड धुवायला आत गेले. मी थोडा वेळ उभा राहिलो. चपराशी म्हणाला, "अजून का पाह्यजे, बाबू?" मी म्हणालो, काही नाही.

जेठात पूल उकलायच्या दिवसांत नाकेदारानं लमसेन्याला सांगितलं. तू कामाला ठेवलेला बाहेरचा माणूस, गाव सोड, साहेबाचा हुकूम. पट्टा गावातल्या दुसऱ्या घराला मिळाला होता. बुढा नाकेदाराच्या पाया पडला, माझ्याकडे आला, म्हणाला अर्ज लिहा. मी लिहिला. रेंजरकडे पाठवला. त्या अर्जात मी सगळं नीट लिहिलं होतं, रिवाजासकट. पण साहेबांना मीच चुकीचं सांगितलं होतं, हे तेवढं लिहिलं नाही. मग कुणाला घाई होती? अर्जाचं उत्तर आलं नाही.

जायच्या दिवशी तो माझ्या छपरीत आला. बसला नाही. म्हणाला, "बाबू, साहेबाले बराबर समजलं होतं नं? बुढा का बोल्ला ते?"

मला वाटलं तो माझ्यावर येईल. आला नाही, म्हणून मला हलकं वाटलं. मी म्हणालो, "हो. समजलं होतं."

तो म्हणाला, "बरं." आणि गेला. बुढा दारात उभा होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी समजलो, दुःखानं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बुढ्याची लेक धानोऱ्याला गेली ती परत आली नाही. त्याच्यामागे गेली, हे सगळ्यांना कळलं. त्यांच्यात याचा फार गवगवा होत नाही. बुढा म्हणाला, "गेली तं गेली. त्याच्याचसंगं जाणार होती. नव्या धानाले येतील दोघंबी." नवं धान घरात आलं की त्यांचा मोठा सण असतो, लेकी-जावई माहेरी येतात. त्या वर्षी बुढ्यानं सणाला तीन पानं मांडली. येऊन खा म्हणाला मला. मी कूपात काम आहे असं सांगून टाळलं.

मी पक्का झालो. धानोऱ्याला क्वार्टर मिळालं. मधल्या काळात आमचा जिल्हाच एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेला. कचेरीतले लोक म्हणत, बरं झालं पर्मनंट झालास, नाहीतर कोणत्या राज्याचा टेम्पररी हेही सांगता आलं नसतं. मी हसत असे. दर साली कूपाच्या निमित्तानं त्या गावावरून जाणं होई. पूल बांधलेला असे. बुढा छपरीत बसलेला असे. त्याचं बोलणं ठरलेलं.

"पोरगी काऊन येत नाई, बाबू?"

"येईल."

"कुठी हाय, मालूम हाय का तुमाले?"

"नाही."

"मी तं तिले रागावलो नाई. त्याले बी नाई. मंग काऊन येत नाई?"

मी म्हणायचो, दूर असेल, गरिबी असेल, मालक सोडत नसेल. असं काहीबाही. एकदा तो पुढचा हलणारा दात बोटानं दाखवून म्हणाला, "हा बी टेंपरवारी झाला आता." आणि माझ्यासाठी मोहाची भाकर काढायला आत गेला. त्याच्या हातचं मी खात असे. दर वेळी ठरवत असे की खाऊन झालं की सांगायचं. सांगून काय होणार, असंही वाटत असे. जमीन गेलेली, माणसं गेलेली. मला वाटत होतं माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन संपलं आहे. पण ते संपलं नव्हतं, दर साली चालूच होतं, आणि हे मला त्याच्या मरणानंतर कळलं.

पुढे एका पुसात बुढा गेला. मी जवळच्याच कूपात होतो, निरोप आला तसा गेलो. गावानं खड्डा खणून ठेवला होता. लेक नाही, जावई नाही. पहिली माती कोणी द्यायची यावर थोडी कुजबुज झाली. मग पुजारी मला म्हणाला, "तुमी त्याच्या घरी राह्यले. तुमीच टाका." मी मागे सरलो, तर एक बाई म्हणाली, "टाका बाबू, बुढा उनात पडला हाय." मी माती टाकली.

त्यानंतर मात्र मला बसवेना. बांबू वाहणाऱ्या एका गाडीवानानं सांगितलं होतं की ते दोघं गोंडपिपरीकडे एका शेतकऱ्याच्या घरी आहेत, तो सालदार आहे. हे त्यानं मला आधीच्या हिवाळ्यात सांगितलं होतं. बुढा जिवंत असताना. मी बुढ्याला सांगितलं नव्हतं, कारण मग तो म्हणाला असता, चला, मले घेऊन चला.

मी रजा काढून गेलो. मोटारनं आणि पुढे पायी. तो कापसाच्या शेतात बैल सोडत होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"मुन्शीबाबू! इकडं कुठी?"

मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं. बसलो असतो तर परत काहीतरी दुसरं बोललो असतो. साहेबांना तू टेम्पररी आहेस असं मी सांगितलं, बुढा लमसेनाच म्हणाला होता, मी मुद्दाम बदललं. सगळं तीन-चार वाक्यांत मावलं.

तो बैलाच्या गळ्यातली दोरी हातात धरून उभा होता. त्यानं विचारलं,

"बुढा नाई बोल्ला?"

"नाही."

"मी पाह्यलं नं बाबू, आपल्या डोयानं. बुढा पुढं आला, काई बोल्ला, दुरून आयकू नाई आलं, मंग तुमी तेच साहेबाले सांगतलं. मले वाटलं, काम करून घेतलं बुढ्यानं अन् आता हाकलून राह्यला, पाया पडनं अन् अर्ज दिखाव्याचा. म्हून तं तुमाले इचारलं मी जाताना. तुमी हो म्हटलं."

त्यानं दोरीचा हाताला एक वेढा घेतला.

"तिले मी जाऊ नाई देल्लं," तो म्हणाला. "दर साली नव्या धानाले रडे. मी म्हनो, ज्या बुढ्यानं मले नोकर म्हटलं त्याच्या घरी नाई जायाचं." मग त्यानं विचारलं, "कसा हाय बुढा?"

ते सांगायचं राहिलंच होतं. मी सांगितलं.

ती खोपडीच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून ते मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बैल पाण्याकडे ओढायला लागला तरी त्यानं दोरी सोडली नव्हती. तिनं विचारलं,

"माती कोनं देल्ली?"

"मी."

ती आत गेली. थोड्या वेळानं गाठोडं बांधून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी जाऊन येतो." तो म्हणाला मालकाला विचारल्याशिवाय मला नाही निघता येत. ती म्हणाली, "तुले कोन ये म्हंते?" पण आवाजात धार नव्हती, थकवा होता. जाताना तिनं त्याच्या हातातली दोरी काढून खुंट्याला बांधली.

मोटारीत ती बायकांच्या बाकावर बसली. मी तिच्यासाठी फुटाणे घेतले ते तिनं घेतले नाहीत, शेजारच्या बाईच्या लेकराला दिले. धानोऱ्याहून पुढं आम्ही पायी गेलो, ती पुढं आणि मी मागे. वाट तिला दाखवावी लागत नव्हती.

नाल्यापाशी आलो. पूल बांधलेला होता, मुरूम अजून नवा होता. पलीकडे मोहाचं झाड, त्यापलीकडे दुसऱ्याच्या नावची ती बांधी, आणि आणखी वर, बुढ्याला ठेवलं होतं ती जागा. मी हात करून दाखवली. ती तिकडे बघत राहिली. मग पुलावर एक पाय ठेवून, मागे न बघता म्हणाली,

"तुमी इथीच थांबा, बाबू."

मी थांबलो.